भिंतीतलं खापर

अन्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीला मुलीकडे होतो. बोरी अरबला पोचलो, तोवर दफन उरकलं होतं. उशीरच झाला... तो असता तर टोमणा मारल्याशिवाय राहिला नसता.

कापसाची ती पडती वर्षं. वेचणीपेक्षा मजुरी बरी म्हणून गावातली माणसं आमच्या उत्खननावर यायची. अन्वर आणि मी एकाच खड्ड्यावर देखरेखीला होतो. एका दुपारी तो जेवायला गेला असताना खड्ड्याच्या उभ्या भिंतीतून एक तांबडी, तुळतुळीत कड डोकावताना दिसली. भिंतीतलं खापर उपटायचं नसतं. आधी फोटो, मग रेखाटन. तोवर ते जागचं हलवायचं नाही, नाहीतर पुरावा जातो. हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी मात्र हात आवरला नाही. उपटलं, बादलीत धुतलं. द्राक्षाची वेल उमटली, वेलीखाली धावणारा ससा. रोमन भांड्याचा तुकडा, आणि तो आमच्या यवतमाळच्या काळ्या मातीत!

अन्वर परतला. त्यानं खापराआधी भिंतीतलं भोक पाहिलं.

“अबे, कायले उपटलं? आता कोण मानन आपलं?”

“भिंतीत होतं म्हणून सांगू ना साहेबाले.”

“तूच सांगजो मंग.”

उत्खननाचे प्रमुख साहेब आले. मी बादलीतलं पाणी ओतायला वळलो. शेवटी अन्वरच म्हणाला, “भिंतीतच होतं, साहेब.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “मी नंतर आलो,” मी म्हणालो.

अन्वर पूर्वी कोकणातल्या एका उत्खननावर होता. अशी खापरं तिकडे निघतात. त्यानंच आणून ठेवलं, अशी कुजबुज झाली. खापर अहवालातून वगळलं. अन्वरला पुन्हा कुठलं बोलावणं आलं नाही. त्यानं गावात सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. माझं नाव त्यानं कुणाकडे काढलं नाही. मी भेटायला गेलो की एवढंच म्हणायचा, “आले का? तुमचं तर नंतरच येणं!” आणि हसून चहा सांगायचा. तो चहा मी इतकी वर्षं प्यायलो.

तेव्हा आता लिहितो. खापर भिंतीतच होतं. मी काढलं. अन्वर खरं बोलला.

दफनाच्या दिवशी त्याच्या घरून निघताना दाराशेजारच्या खिळ्यात माझी बाही अडकली. भाभी म्हणाल्या, “तुमचाबी शर्ट धरला का त्यानं? काढा म्हणून म्हणून मी थकली. हे म्हणत, आधी पाहू तर दे, कोणी काहून ठोकला... तुम्ही काढता का, भाऊ?”

खिळा हलत होता. दोन बोटांनी निघाला असता.

“राहू द्या, भाभी,” मी म्हणालो आणि बाही सोडवून घेतली.