मोठी, धाकटी आणि शनिवारची वायर

कामठ्याच्या रस्त्यावर आमची राइस मिल आहे. तिच्या ऑफिसात चहा, फायली आणि सर्व्हरची खोली माझ्याकडे. त्या खोलीतली धूळ मी रोज पुसते, किस्से मात्र साचतच जातात!

तिथं दोन सारखे डबे आहेत. त्यांना फायरवॉल म्हणतात. बाहेरचं इंटरनेट त्यांच्यातूनच आत येतं. एकाची वायर निघाली की दुसरा आपोआप काम उचलतो. नागपूरच्या देवेंद्रभाऊंनी, म्हणजे आमच्या इंजिनिअरनी, हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे दोघी जावा! मोठी बसली की धाकटी उठते."

तेव्हापासून भाऊंच्या कागदांतही मोठी-धाकटीच!

* * *

दर शनिवारी बाराला त्यांचा फोन यायचा. "मावशी, मोठीची वायर काढा. क्लिप दाबून, नाहीतर निघत नाही." वायर काढूनही वजनकाट्यावर पावत्या निघत राहिल्या की परीक्षा पास.

पहिल्याच वेळी वायर परत लावली, तरी मोठी गप्पच! मी घाबरले. "भाऊ, मोठी रुसून राहिली जी!"

"रुसली नाही, मावशी. धाकटीच्या हाती कारभार गेला, आता ती सोडत नाही."

"आमच्या घरी बी असंच झालं होतं!"

* * *

एकदा दोघी एकदम बंद! बाहेर धानाचे ट्रक रांगेत, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारताहेत. पाहते तर मॅनेजरसाहेबांनी चहाची विजेची किटली दोघींच्याच बोर्डात लावलेली आणि बोर्ड जळालेला.

देवेंद्रभाऊ फोनवर ओरडले, "दोन फायरवॉल घेतल्या आणि बोर्ड एकच?"

साहेब शांतपणे म्हणाले, "अरे भाई, चाय तो गरम हो गई ना!"

* * *

दसऱ्याला मी मोठीला झेंडूचा जाडजूड हार घातला. तिच्या हवेच्या जाळ्या बुजल्या, ती तापून बसली. धाकटीनं काम उचललं.

"मावशी, धाकटीला हार काऊन नाही घातला?" साहेबांनी विचारलं.

"एकच आणला होता जी."

"म्हणून आज मिल चालू आहे!"

* * *

शनिवारच्या परीक्षेला दोन मिनिटं लागायची. तेवढ्यात देवेंद्रभाऊ विचारायचे, "आज भाजी काय केली?" माझे मालक वारले, मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली. माझ्या डब्यात काय आहे हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. शनिवारची भाजी मी जरा मन लावून करायची.

* * *

यंदा देवेंद्रभाऊंचा फोन आला. "मावशी, आता परीक्षा सॉफ्टवेअरच घेईल. वायर निघाली तरी मला इथं लगेच कळेल. तुमचा त्रास वाचला!"

"बरं झालं जी," मी म्हटलं.

तीन शनिवार फोन आला नाही. चौथ्या शनिवारी लाखोळीच्या पाल्याची भाजी केली होती. बाराला सर्व्हरच्या खोलीत गेले आणि मोठीची क्लिप दाबली.

वजनकाट्यावर पावत्या निघतच होत्या. माझा फोन वाजला.

"मावशी, मोठीची वायर निघाली का?"

"हाव जी. पुसता पुसता निघाली."

वायर मी हातातच धरून ठेवली.

"लावून देऊ का जी?"

"राहू द्या दोन मिनिटं," देवेंद्रभाऊ म्हणाले. "भाजी काय केली?"