पाय त्याचा, अंगठा कोणाचा?

ती घटना आठवली की इतक्या वर्षांनीही आधी माझे डोके तापते आणि मग हसू येते. मी तेव्हा जव्हार संस्थानात फौजदार होतो. सकाळची हजेरी संपत होती, तोच पोशेरा गावची एक म्हातारी थेट माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सायब, माझ्या डोकऱ्याचा पाय आज कापतात. त्याला कोणी इचारलाच नाय."

"दवाखान्यात विचारल्याशिवाय कापत नाहीत, बाई."

"मंग तू जाऊन इचार."

गेलो. त्या दवाखान्यात कंपाउंडरीचे उमेदवारही शिकत. तमाशाला पहिली रांग धरावी तसे चौघे शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती आधीच उभे होते. फळीवर एक रिकामी काचेची बरणी लख्ख पुसून ठेवलेली.

डॉक्टर नियमाचे मोठे कडक. "फौजदारसाहेब, संमतीच्या कागदावर अंगठा असल्याशिवाय मी चाकूला हात लावत नाही!" असे म्हणून त्यांनी कागदांचा गठ्ठाच माझ्यापुढे आपटला.

सर्वांत वर म्हातारीच्या डोकऱ्याचा, म्हणजे नवऱ्याचा, कागद होता. अंगठ्याच्या ठशात मधोमध तिरका वण. मी खाटेवरच्या म्हाताऱ्याचे दोन्ही अंगठे उलटून पाहिले. वण नाही. दुसरा कागद काढला, ठशात तोच वण. तिसऱ्यावर तोच. एकोणीस कागद, त्यांत सहा बायका, आणि सगळ्यांच्या अंगठ्याला एकाच जागी एकच वण!

"सगळ्यांनी अंगठे पुढे करा," मी गरजलो.

वण निघाला ड्रेसरच्या अंगठ्यावर. जखमा बांधणारा हा सज्जन गृहस्थ जबाबात काय म्हणाला असेल?

"साहेब, यांची बोली मला येत नाही. प्रत्येकाला समजावत बसलो तर पट्ट्या कोण बांधणार? डॉक्टरसाहेबांना अंगठा हवा असतो. मी एकदाही चुकवलेला नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. चोराला आपण चोर आहोत हे ठाऊक असते, त्यामुळे त्याच्याशी बोलता तरी येते. हा माझ्याकडून शाबासकीची वाट पाहत होता!

"पाय त्याचा," दारातून म्हातारी कडाडली, "न अंगठा तुझा? मंग तुझाच पाय काप!"

उमेदवार हसले. डॉक्टर हसले नाहीत. आपण एकोणीस वेळा फक्त कागद पाहिला, माणूस पाहिला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. ते खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि बोलू लागले. म्हातारी एकेक वाक्य नवऱ्याला त्यांच्या बोलीत सांगत होती. पाऊल काळे पडले आहे, विष वर चढते आहे, कापले नाही तर जीव जाईल.

म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. मग त्याने बरणीकडे बोट केले.

"माझा पाऊल त्यात घालशील?"

"या मुलांना शिकवायला लागतं," डॉक्टर चाचरले.

"मंग नाय. पाऊल माझ्या नाचणीच्या शेतात पुरायचा. मी मेलो का बाकीचा तिथंच येल."

चारही उमेदवारांचे चेहरे उतरले. डॉक्टरांनी उठून बरणी कपाटात ठेवली. "तुझं पाऊल तुला."

तेव्हा म्हाताऱ्याने स्वतः शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर असा दाबला की शाई पलीकडे उतरली. म्हातारा जगला. पाऊल टोपलीत घालून म्हातारी शस्त्रक्रियेच्याच दिवशी पोशेऱ्याच्या वाटेला लागली. ड्रेसरचा जबाब मी दरबारात पाठवला.

अंगठा म्हणजे होकार नव्हे, होकाराची खूण आहे. आधी होकार असावा लागतो. एवढी साधी गोष्ट मला त्या खाटेपाशी कळली, आणि मी मोठ्या तोऱ्यात ठाण्यावर परतलो. अंगठे लावलेले जुने जबाब काढायला सांगितले आणि हवालदाराला म्हणालो, "तुमचा अंगठा दाखवा पाहू."

हवालदाराने हात पाठीमागे नेला.