सासूबाईंच्या नावाचे माड

सूनबाई, अशी जरा जवळ सरकून बस. तू पुण्यात आणि मी इथे रत्नागिरीत, मांडवीला, तेव्हा कागदावरच जवळ बस म्हणते. आणि आधी दोन शब्द ऐकून घे, मग हवा तर राग धर. परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तुमच्या वेळी बरं होतं, घरात माणसं असायची, म्हातारपणाची कोणाला काळजी नसायची." अगो, हे तुला सांगितलं कोणी? माझ्या मुलाने सांगितलं असेल तर तो तेव्हा हॉस्टेलवर होता. सुट्टीत यायचा, आंबे खायचा, आजीच्या गादीवर बसून गप्पा मारायचा आणि परत जायचा. त्या गादीवरची चादर कोण बदलतं हे त्याला कुठून कळणार? तू तर ह्या घरात आलीही नव्हतीस.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात सासूबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर बसत्या होतील, नाहीतर पडूनच राहतील. आता आपल्या घरात विमा काही कमी नव्हता, बरं का. आळीतले एक गृहस्थ एजंट होते. दर मार्चात चहाला यायचे आणि जाताना ह्यांना एक पॉलिसी काढायला लावून जायचे. त्यामुळे हे अगदी निर्धास्त. ह्यांनी त्यांना बोलावलं आणि विचारलं, आईच्या ऑपरेशनला ह्यातली कुठली लागू पडेल. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, ह्या सगळ्या तुमच्या जिवावरच्या आहेत, तुमच्या पश्चात वहिनींना मिळायच्या. दवाखान्याची पॉलिसी वेगळी असते, ती वेळेवर काढावी लागते आणि आता आजींच्या वयाला कोणी ती देणार नाही.

सासूबाई आतल्या खाटेवरून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्याच्या जिवावरच्या असतील तर राहू देत तशाच. मला नकोत त्या."

तर ह्यांनी आणि डोंबिवलीच्या भावोजींनी बँकेतल्या ठेवी मोडल्या आणि ऑपरेशन झालं. ते एकदाचं झालं. खरी गोष्ट पुढे सुरू होते, कारण दवाखान्यातून माणूस घरी येतं तेव्हा सगळ्यांना वाटतं, संपलं. सासूबाई बसत्या झाल्या, पण उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना उचलून खुर्चीत ठेवायचं, न्हाऊ घालायचं, कूस बदलायची, ह्याला दोन माणसं लागतात. एक मी, आणि माझी कंबर ही अशी. हे मदतीला यायचे, पण मुलाने हात लावलेला त्यांना आवडायचा नाही. त्या डोळे मिटून घ्यायच्या.

मग बैठक बसली. भावोजी म्हणाले, पाळीने ठेवू, सहा महिने इथे, सहा महिने आमच्याकडे. पण त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. आईला एकदा वर नेली की ती परत खाली येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. कोणी घाटावरच्या एका वृद्धाश्रमाचं सांगितलं. ह्यांनी चौकशी केली, तर त्यांना चालती-फिरती माणसं हवी होती. तेव्हा ठरलं की घरीच ठेवायची आणि मदतीला बाई आणायची. लांज्याकडची एक बाई मिळाली, आपल्याकडेच राहणारी. हात खंबीर आणि बोलणं कमी. सासूबाईंना ती पहिल्या दिवसापासून पसंत पडली, कारण ती त्यांना उगीच "बरं वाटतंय ना आजी" असं विचारत नसे.

प्रश्न उरला तिच्या पगाराचा. ह्यांच्या पेन्शनीत घर चालत होतं, तेवढंच. आपल्या वरच्या कातळावर, सड्यावरच्या बागेत देवाचं एक कलम आहे, तुला मी दाखवलंय. त्याच्या आंब्यांचे पैसे ग्रामदेवतेचे, घरात कितीही नड आली तरी त्याला कोणी शिवत नाही. भावोजींच्या डोक्यात आलं की तसंच आईच्या नावाने करायचं. बागेतली सगळ्यांत चांगली धरणारी हापूसची कलमं निवडली आणि ठरवलं, ह्यांचं उत्पन्न आईच्या सेवेचं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आईला हापूस द्यायचा, रायवळ थोडाच द्यायचा, असा एकंदर थाट होता.

पहिल्या वर्षी ती कलमं अशी लागली की दलालाने आपणहून दर वाढवला. बाईचा पगार वेळेवर, सासूबाईंना पाण्याची गादी आली, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा भरल्या. आम्ही खूष. दुसऱ्या वर्षी त्या कलमांवर मोहोरच नाही. नुसती कोवळी तांबडी पालवी. आता सांग, हापूस एक वर्ष धरतो आणि एक वर्ष विसावा घेतो, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पिढ्यान् पिढ्या कलमं लावणारी माणसं आम्ही. पण आईच्या नावाने झाडं नेमून देताना हे एकाच्याही मनात आलं नाही. मनात होतं फक्त चांगलं ते द्यायचं.

एकदोन महिने इकडचं तिकडे करून भागवलं. मग पगार थकायला लागला. एके दिवशी बाई भांडी घासताना मला म्हणाली की वहिनी, खालच्या आळीत एका आजोबांसाठी विचारतायत, शिमगा झाला की तिकडे जाईन म्हणते. तिच्या घरी मुलगी लग्नाची होती. तिला थांब तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? ती गेली तर काय होणार हे मला समोर दिसत होतं. एक तर मी आडवी होणार, नाहीतर सासूबाईंना तिसऱ्या मजल्यावर चढवावं लागणार.

मी हे ह्यांना हळू आवाजात सांगत होते. पण पडून राहिलेल्या माणसाचे कान फार तीक्ष्ण होतात. सासूबाईंनी हाक मारली. ह्यांना समोर बसवलं.

"माझं दुखणं काय वर्षाआड येतं?" त्या म्हणाल्या. "घराभोवती एवढे माड उभे आहेत. ते दर दोन महिन्यांनी उतरतात. मला माडांवर का नाही घातलंत?"

आता आगरातले नारळ विकायचे नाहीत हा नियम त्यांचाच होता. घरात लागतील तेवढे ठेवायचे आणि बाकीचे आल्यागेल्याला द्यायचे. त्या आजारी पडल्यापासून तर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. येणारा दोन बिस्किटपुडे आणायचा आणि जाताना पिशवी भरून नारळ न्यायचा. आणि मुख्य म्हणजे वन्सं. दादरहून वर्षातून दोनदा यायच्या, त्यांचं पोतं त्या यायच्या आधीच भरून ठेवलेलं असायचं. माहेरचे नारळ. ते बंद करायचे म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

ह्यांनी तेवढंच विचारलं, "ताईला कोण सांगेल?"

"मी मेल्ये नाही अजून," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगेन."

आणि सांगितलं हो. त्या मे महिन्यात वन्सं आल्या, निघायच्या दिवशी मागच्या पडवीत पोतं शोधायला लागल्या. सासूबाईंनी त्यांना खाटेजवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "बाय, तुझे नारळ हल्ली मी खात्ये. ही बाई मला उचलते ती त्या नारळांवर." वन्सं डोळे पुसत रिक्षात बसल्या. मला वाटलं, आता ह्या काही गणपतीला यायच्या नाहीत.

आल्या. आणि येताना काय आणलं माहिती आहे? मुंबईच्या बाजारातून विकत घेतलेले नारळ. दादरहून रत्नागिरीला! माझ्या हातात पिशवी देत म्हणाल्या, "घे वहिनी, तुमच्याकडे हल्ली टंचाई आहे ना." मला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंनी आतून विचारलं, किती मोठे आहेत गो? मग म्हणाल्या, "फोड त्यातला एक. मोदकांना होईल." वन्संनीच खोवला. नंतर खाटेवर बसून आईचे पाय चोळत होत्या, बाईला सांगत होत्या की तू जेव जा, आज मी आहे.

बाई शिमग्यानंतरही राहिली. सासूबाई पुढे आणखी काही वर्षं होत्या आणि शेवटपर्यंत आपल्याच खाटेवर होत्या. गेल्या तेव्हा सकाळची वेळ होती, बाई त्यांचे केस विंचरत होती. आम्ही दोघांनी मात्र त्या पडल्या त्या वर्षीच दवाखान्याची पॉलिसी काढली. ती अजून चालू आहे, तेव्हा तू पुन्हा नवीन काढायच्या भानगडीत पडू नकोस. एजंट म्हणतात, आता नवीन काढली तर आधीची दुखणी धरणार नाहीत.

पण ती पॉलिसी दवाखान्याच्या दारापर्यंत. घरी आणल्यावर कोण उचलणार, ते तिच्यात लिहिलेलं नाही. तू म्हणालीस तिकडे तुमच्याजवळ एक नवीन जागा झालीय, म्हाताऱ्यांची सोय चांगली आहे, नर्स असते, पडून राहिलेल्यांनाही घेतात. मी नाही म्हटलेलं नाही. ह्यांना हल्ली ऐकू कमी येतं, गुडघे धरतात, आणि माझी कंबर तर तुला ठाऊक आहे. माड अजून आहेत, पण नारळ उतरवणारा पाडेली आता मिळत नाही. जुना पाडेली थकला, त्याचे मुलगे आखातात गेले. वाळलेले नारळ आपोआप खाली पडतात तेव्हा मिळतात. माडांवर आम्हा दोघांचं निभेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

म्हणून तर म्हणते, हे फोनवर ठरायचं नाही. फोनवर तू बोलतेस ते ह्यांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ते आपल्या मनाने भरतात. परवा ते दिवसभर घुम्यासारखे बसून होते, त्यांना वाटलं तुम्ही घर विकायला सांगताय. तू ये. त्या जागेची माहिती घेऊन ये, आम्ही चष्मा लावून वाचू. माझ्या मुलाला रजा नसेल तर तो मागून येईल, तू आधी ये. माझ्या शेजारी बस, ह्यांच्या उजव्या कानाशी मोठ्याने बोल आणि ह्यांचंही ऐकून घे. रात्रीच्या एस.टी.ने निघालीस तर सकाळी चहाला पोचशील. ह्याच महिन्यात ये गो.