आखाजीनंतरचा झोका
खापरावरच्या पुरणपोळीचा वास आला की मला दहावीची इंग्रजीची वही आठवते. जूनमध्ये अमळनेरची शाळा उघडली आणि सरांनी 'मेक अप फॉर' शिकवलं, म्हणजे चुकलेलं मागाहून भरून काढणं. घरच्या प्रसंगावर एक वाक्य लिहून आणायला सांगितलं. प्रसंग ताजाच होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे सासुरवाशिणींनी माहेरी येण्याचा सण. पण त्या वर्षी ताईला पहूरहून आणायला काका गेले असं वडिलांना वाटलं, वडील गेले असं काकांना. ताई पिशवी भरून दिवसभर सासरच्या ओट्यावर बसून राहिली. आता महिन्याने तिला आणलं होतं. आईने पुन्हा चुलीवर खापर ठेवलं, आमरस केला, वडिलांनी कडुनिंबाला आखाजीचा झोका बांधला. ताई झोक्यावर बसली, पण पाय जमिनीवरून उचलीना. आखाजीला आलेल्या गल्लीतल्या साऱ्या मुली केव्हाच सासरी परतल्या होत्या. "बठ्ठं करं व माय तू," सगळं केलंस गं, असं ती अहिराणीत म्हणाली, "पन मन्या मैतरनी कोठे शेतस?" आईने रसाची वाटी झोक्याजवळ ठेवली. मी वहीत लिहिलं, 'मदर मेड अप फॉर आखाजी.' मग खोडलं. परत लिहिलं. सरांनी त्या खाडाखोडीवर बरोबरची खूण केली. आता मीच इंग्रजी शिकवते. तो धडा आला की उशिरा सुटलेल्या गाडीचं उदाहरण देते, झोक्याचं नाही. एखादीने विचारलं, "मॅडम, मग भरून निघालं का?" तर काय सांगू?