हॉलंडच्या नर्सबाई

दुसरं महायुद्ध संपून आठ-दहा वर्षं झाली असतील. हॉलंडहून आलेल्या एक नर्सबाई सेलूला आमच्या शेजारी राहायच्या. विहिरीवरच्या बायकांकडून मराठी शिकल्यामुळे त्या थेट वऱ्हाडी बोलत. 'ळ' मात्र जमायचा नाही. केळ्याला 'केलं' म्हणत, आणि आम्ही हसलो की स्वतःही हसत. खोटा धीर देणं त्यांना माहीतच नव्हतं. सुई टोचण्याआधी लेकरालाही सांगत, "दुखते बरं. रडजो."

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले असताना नवऱ्याच्या मारातून सुटलेली एक पोर धावत आत शिरली. बाईंनी तिला आतल्या खोलीत लपवलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात नवरा कुऱ्हाड घेऊन आला.

"माही बायको आली काय इथं?"

"कोनी नाई आलं. काऊन ओरडून राह्यला?"

त्या इतक्या शांतपणे बोलल्या की तो मुकाट्याने निघून गेला. मग मी विचारलं,

"बाई, तुम्हाले भेव नाई वाटलं?"

"वाटलं न. पन सवय हाय. लढाईत जर्मन शिपाई आमच्या गावातल्या ज्यू लोकाईले धरून नेत. दोघी मायलेकी माह्या घरी लपल्या होत्या. लपवनाऱ्यालेही गोली घालत."

"वाचल्या?"

"लेक वाचली. मायले नेलं, त्या दिवशी मी बाजारात गेलती."

मग त्यांनी पोरीच्या बापाला आष्टीला निरोप धाडला. तो येऊन तिला घेऊन जाईपर्यंत बाई दवाखान्यात गेल्या नाहीत की विहिरीवर. मी भाकर नेऊन दिली, तीही त्यांनी दारात बसूनच खाल्ली.