भावाचा कागद

लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दिवाणी दाव्यांचं कामकाज शिकवायला लागले, तेव्हा मी नुकताच शहाणा झालो होतो. सुट्टीत पुण्याहून गावी, खोडदजवळ, आलो की पारावर बसून कलमं फेकायचो. लोक कौतुकानं ऐकायचे आणि कोर्टाचं आपलं जुनंच शास्त्र चालवायचे. त्यातला पहिला नियम असा, की समन्स हातात घेतलंच नाही तर केस उभीच राहत नाही.

त्या वर्षी माझ्या धाकट्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, सामाईक विहिरीच्या पाण्यावरून माझ्या वडिलांवर, म्हणजे अण्णांवर, जुन्नरच्या कोर्टात दावा लावला. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन घरी आला. अण्णांनी त्याला चहा पाजला, गूळ-शेंगदाणे दिले आणि कागद न घेताच वाटेला लावलं. हे कळल्यावर मी होस्टेलवर अण्णांचा किस्सा रंगवून सांगितला. धडा अजून तिथवर आला नव्हता, त्यामुळं मलाही ते बरोबरच वाटलं.

मग एका सकाळी सरांनी वर्गात सांगितलं, की समन्स नाकारलं तर बेलिफ ते दाराला चिकटवतो आणि कोर्ट ते पोहोचलं असं धरतं. माणूस तरीही आला नाही तर दावा एकतर्फी चालतो. तास सोडून एसटीडी बूथ गाठला आणि गावातल्या दुकानात फोन करून अण्णांना बोलावून घेतलं.

"अण्णा, दाराला काही चिकटवलं होतं का?"

"व्हय. तुज्या आईनं चुलीत घातलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक जुन्नरला गेलो. तारीख होऊन गेली होती. निकाल तसाच लागला असता तर विहिरीवरची आमची पाळी गेली असती, आणि उभा कांदा त्याच पाण्यावर होता. दावा एकतर्फी न चालवता आमचंही ऐकावं, असा अर्ज ओळखीचे म्हातारे वकील लिहायला बसले. गैरहजेरीचं कारण काय, त्यांनी विचारलं.

"अडाणी माणूस आहे, असं लिहा," मी घाईनं म्हणालो.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "अडानी न्हाई रं. असं टळत नसतं, ते मला बी ठावं व्हतं. पर कागद भावाचा. त्याला खांद्यावर बसवून लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलोय मी. हातात घेववंना."

वकिलांनी चष्मा पुसला आणि 'गैरसमजुतीमुळे' असं लिहिलं. अण्णांनी सही केली. त्या 'अडाणी' शब्दाची मला अजून लाज वाटते.

पुढच्या तारखेला अर्ज मंजूर झाला. दोघं भाऊ दिवसभर कोर्टाच्या आवारात दोन टोकांना बसले होते. संध्याकाळी गावाकडं एकच एसटी, तीही खचाखच भरलेली. तात्या आधी चढले होते आणि शेजारच्या सीटवर त्यांचा टॉवेल होता. दोघातिघांना त्यांनी "माणूस हाये" म्हणून उठवलं. अण्णा दिसले तसा त्यांनी टॉवेल उचलला. अण्णा बसले.

दावा पुढं पाच वर्षं चालला आणि तडजोडीत पाणी निम्मंनिम्मं झालं. मी वकील झालो, कलमं बरीचशी पाठ आहेत. पण त्या दाव्यातलं मला आठवतं ते एवढंच, की एकाही तारखेला अण्णांना उभ्यानं घरी यावं लागलं नाही.