शेवगावकडचे चंडोल

माझ्या पीएच.डी.साठी जिल्ह्याच्या पूर्वेकडची एक जागा हवी होती. ती मला शोधावी लागली नाही. शेवगावच्या पुढे मामाची वस्ती आहे आणि वस्तीमागे त्याचा मुरमाड माळ होता. त्यात काही पिकायचं नाही. पाऊस सरला की गुडघ्याएवढं कुसळीचं गवत उभं राहायचं, मामाची शेरडं त्यात चरायची आणि गवताच्या बुडाशी चंडोल घरटी करायचे. मातीच्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी. नर गात गात आभाळात चढतो आणि दगड पडावा तसा खाली येतो.

याचं एक भावंड याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या डोंगरमाथ्यावरच्या सपाट, खडकाळ सड्यांवर राहतं. ते अंगानं थोडं थोराड, छातीवर ठळक रेघा असलेलं. दोघं वेगळे आहेत हे आधीच माहीत होतं. ते कधी वेगळे झाले आणि कशामुळे, हे मला शोधायचं होतं. लाव्हाच्या थरांनी बांधलेला सह्याद्री पाऊस अडवतो, म्हणून तिकडे चिखल आणि शेवगावला रिकामे ढग. पण हवामान नेहमी असंच नव्हतं. फार जुन्या काळी कधी कोरडं युग आलं, झाडी मागे हटली, गवत पसरलं; तेव्हा दोन्हीकडचे पक्षी एकमेकांपर्यंत पोचले असतील. ओलं युग आलं की मधे रान माजलं आणि ते तुटले. या येण्याजाण्याच्या खुणा आजच्या पक्ष्यांच्या डीएनएमध्ये सापडतात.

वनखात्याची परवानगी घेऊन मी पहाटे माळावर बारीक जाळं लावायचे. मामा शेजारी उकिडवा बसायचा. कंबर गेल्यापासून त्याला ऊसतोड जमत नव्हती. दिवाळी झाली की मामीच मुलासोबत श्रीगोंद्याकडे तोडीला जायची आणि उन्हाळा लागल्यावर परतायची. शेरडं आणि मामा मागे राहायचे. जाळ्यातला चंडोल तो अलगद सोडवून माझ्या मुठीत द्यायचा. मी पंखाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचे, पायात कडं घालायचे आणि पक्षी सोडून द्यायचे.

"येवढ्याशा रगतात काय कळंल तुला?" त्यानं एकदा विचारलं.

"याचे पूर्वज कुठं राहात होते, कुणापासून कधी तुटले, ते."

तो हसला. "आमचं बी बघ मंग एकदा."

मधल्या पट्ट्यातलेही पक्षी हवे होते, म्हणून मी कोल्हारला राहून प्रवरेच्या दोन्ही काठांनी फिरले. ऊस, जनावरांसाठी लावलेला घास, पुन्हा ऊस. एकही माळ उरलेला नव्हता. माझ्या नकाशाच्या मध्यावर एक मोठी कोरी जागा राहिली. तिथे पूर्वी काय होतं ते आता कुठल्याच रक्तातून कळणार नव्हतं.

निकाल आले तेव्हा मार्गदर्शक बाईंनी मला बोलावून घेतलं. डोंगरातले आणि इकडचे चंडोल फार पूर्वी तुटले होते, हे अपेक्षितच होतं. पण मामाच्या माळावरचे पक्षी इतर कोरड्या भागातल्या चंडोलांपासूनही थोडे वेगळे निघाले. बाईंचा अंदाज असा, की ओल्या युगात सगळीकडचं गवत आक्रसलं तेव्हा त्या मुरमावर झाडी धरली नाही, आणि तेवढ्या आसऱ्यावर हे पक्षी टिकून राहिले. "आणखी नमुने आण," त्या म्हणाल्या. "आणि ती जागा जपायला हवी."

मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले.

वस्तीवर पोचले तर माळावर दोन जेसीबी चालले होते. गवत नव्हतं. मुरूम खरवडून सपाट केलेला, त्यात लोखंडी खांबांच्या रांगा. मामा बाजेवर बसून ते बघत होता.

"सोलरवाल्याला दिला भाड्यानं," तो म्हणाला. "तुला फोन करनार हुतो. म्हनलं, येनारच हाय."

"सगळा दिला?"

"समदा. पडीकच हुता की. उताऱ्यावर बी पोटखराबाच हाय."

तेवढ्यात मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. थंडीच्या दिवसांत मी तिला त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. "औंदा आमी तोडीला गेलो न्हाई," ती म्हणाली. "आता न्हाईच जायाचं." तिच्या बोटांवर कोयत्याच्या जुन्या खुणा होत्या. ती आनंदात होती आणि ते लपवतही नव्हती. जागा जपायला हवी हे वाक्य मी बसमध्ये मनात घोळवत आले होते. ते मी कुणालाच म्हटलं नाही.

कुंपणाच्या आत रखवालदारानं सोडलं नाही. दोन सकाळी मी बाहेरच दुर्बीण घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगावर एक नर दिसला. पायात माझंच कडं होतं. तो ढिगावरूनच थोडं गायला, वर चढला नाही. पुढच्या वर्षी गेले तेव्हा ढीग तिथेच होता, त्यावर कुणी नव्हतं. आसपासचे माळ धुंडाळले. काही नांगरलेले, काहींवर असेच खांब. बाईंनी माझ्या प्रबंधात 'आढळतात' खोडून 'आढळत असत' केलं.

त्या खेपेला मामा मला फाट्यापर्यंत सोडायला आला. शेरडं त्यानं विकून टाकली होती. चारायला जागाच नव्हती. दिवसभर काय करायचं ते कळत न्हाई, असं तो चालता चालता म्हणाला.

"ती तुझी पाखरं कुठं गेली असतील?"

कुठंतरी गेली असतील, असं म्हणता आलं असतं. "कुठंच नाही, मामा," मी म्हणाले. "त्यांना जायला जागाच नव्हती."

"मंग मेली म्हन की."

"हो."

त्यानं मान हलवली. एसटी आली, मी चढले. खिडकीतून पाहिलं तर तो वस्तीकडे परतायचं सोडून तिथेच उभा होता.